आबाचा दुसरा डोळा

९ जानेवारी, कोइमतूर
ताईनं फोटो धाडला. आबाचा उजवा डोळा. मोठा करून बघितला आन् मोबाईल उपडा ठेवला. बुबुळ राहिलंच नाही, सगळं पांढरंफटक. दुखायचं थांबलंय एवढंच, दिसणार कधीच नाही.
ज्या बाईनं दौंडला ऑपरेशन केलं तिला मी सोडणार नाही. लिहून ठेवतोय ते याच्यासाठी. राग उतरला तर वाचून परत चढवता येईल.

१० जाने.
झालं कसं ते एकदा नीट लिहितो.
दसऱ्याच्या आधी ताईनं आबाला गावाकडनं वरवंडला, तिच्या सासरी नेलं. तिथनं दौंड जवळ. मी फोनवर ओरडून सांगितलं होतं, मोतीबिंदू लेसरनंच काढा. मी इथं लेसरवर आहे. दिवसभर पत्रा कापतो. केसाएवढी रेघ, एका कडेला खरवड नाही. बटण दाबायचं आन् बाजूला उभं राहायचं. हात लावला की चूक झालीच.
आन् डॉ.बाईनं हातानं केलं.
ताई म्हणे, "लई पिकलाय, हातानंच नीट निघंल म्हणाल्या म्याडम."
मी म्हणालो, "मशीन नसंल तिच्याकडं."
"हाय की रं. कोपऱ्यात झाकून ठिवलंय."
म्हंजे मशीन असून हात घातला. हे तर जास्तच.

१४ जाने.
संक्रांत. इथं पोंगल, कंपनी बंद. आबाला फोन केला.
"डाव्यानं दिसतंय का काही?"
"उजेड कळतो. माणूस हाय का बाभळ हाय ते माणूस बोलल्यावर कळतं."
हसला. मला हसू आलं नाही. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही आता पिकून पांढरा झालाय. आई म्हणाली, आबा थोरल्या मेंढ्याच्या मानेची लोकर धरून ओढ्यापर्यंत जातो. मेंढा थांबला की आबा थांबतो. काल मेंढा बोरीचा पाला खात उभा राहिला, तर आबा पण तिथंच उभा. आईनं हाक मारेपर्यंत.
आपलं मेंढरू दुसऱ्यांच्या पन्नास खांडांत, कळपांत मिसळलं तरी लांबनं ओळखणारा माणूस तो.

१७ जाने.
काय काय करता येईल याचा विचार. रात्रीतून काच फोडता येईल. पण काच फोडून काय, ती नवीन बसवंल. नाव फोडलं तर बसवता येत नाही.
पिंटूला विचारलं. पिंटू बिहारचा, माझ्याच मशीनवर, दुसऱ्या पाळीला. मोबाईलमधलं सगळं येतं त्याला. म्हणाला, "लेजर के जमाने में हाथ से आँख काटी? भाई, वीडियो बना. रोने वाला म्यूजिक मैं डालता हूँ."

१८ जाने.
झाला व्हिडिओ. ताईला खोटं सांगून आबाची क्लिप मागवली. म्हणालो, लई दिवस बघितलं नाही म्हणून. आबा मेंढ्याला धरून चालतोय, मग डोळा, जवळनं. वर माझा आवाज. दवाखान्याचं नाव, दौंडमधली जागा, बाईचं नाव, सगळं घेतलं. शेवटी, "मशीन असून बाईनं हातानं डोळा कापला. आज माझा बाप आंधळा. उद्या तुमचा."
तीनदा रेकॉर्ड केलं. पहिल्या दोन वेळा आवाज रडका येत होता. मला रडका नको होता.
गावच्या ग्रुपवर, शिरूरच्या, दौंडच्या, वरवंडच्या, शिक्रापूरला खोल्या करून राहणाऱ्या पोरांच्या. सगळीकडं सोडला.

२१ जाने.
पेटलाय. शाळेतली पोरं, ज्यांनी आठवीनंतर ओळख दाखवली नव्हती, ती फोन करतायत. कुणीतरी खाली लिहिलंय, डॉक्टर नाही खाटीक. मी ते परत परत वाचतो. आज मशीनचं नोझल बदलताना पण शीळ घालत होतो. सुपरवायझर म्हणाला, लगीन ठरलं का.

२३ जाने.
ताईचा फोन. एवढी चिडलेली कधी ऐकली नव्हती.
"बिरू, ह्यो धंदा तुजा?"
"कोणता?"
"भोळा बनू नगंस. आवाज वळखते मी तुजा. तुजे दाजी सांगत हुते, म्याडमच्या दवाखान्यात बाकावर माणूस न्हाई आता."
"बरं झालं."
"डोळ्यात पू झाला तवा त्याच बाईनं आबाला सवताच्या गाडीत घालून पुण्याला पळवलं हुतं. ते टाकलंस का त्यात?"
"पाप झाकायला पळवलं."
फोन आपटला तिनं. मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.
बाकावर माणूस न्हाई. किती छान वाक्य.

२७ जाने.
आज एक जाड प्लेट आली. आमचं मशीन जुनं, कमी ताकदीचं. मी म्हणालो, होईल. हट्टानं लावली. आरपार जाईना. नुसती ठिणग्यांची कारंजी, कड वितळून गुठळ्या, प्लेट तापून वाकली. माल वाया. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, जाड प्लेट लेसरवर घालायला तू काय काल आलास? मग गॅसकटरवाल्या अण्णाकडं दिली. साठीचा म्हातारा, उकिडवा बसून हातानं कापत गेला, तोंडात पान. कड सरळ.
उगंच डोकं फिरलं. जेवलो नाही.

३० जाने.
आईचा फोन. आबाचं डावं कपाळ ठणकतंय, डोळा लाल झालाय, उलटी झाली. आबाला दिला तर म्हणतो, "काय न्हाय, ऊन लागलं." जानेवारीत.
हा पण गेला तर संपलं. मग मेंढ्याची मान पण कामाची नाही.
रजा टाकली. या वेळेला मी जातीनं नेणार. पुण्याला, लेसरवाल्या दवाखान्यात. मग तिकडनं येताना दौंडला डॉ.बाईच्या दारात आबाला उभा करणार, बघ म्हणणार, हे असं करतात.

२ फेब्रुवारी, दौंड
गाडीतनं उतरलो ते घरी जायच्या आधी डॉ.बाईच्या दवाखान्यापाशीच गेलो. समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. पाटीवर तिचंच नाव. बाकडं दारातनं दिसतं. एक म्हातारी, तीही निघायला चप्पल शोधत होती. जीव गार झाला.
चहावाला म्हणाला, "नवीन दिसता. डोळ्याचं काम का? आदुगर हे बघा." आन् मलाच माझा व्हिडिओ दाखवला.
"बघितलाय," म्हणालो.
"कोण भडवा हाय कुणास ठाऊक. रोज बाकावरली माणसं चार-चारदा चहा प्यायची. माझं दूध नासतंय आता."
अर्धा चहा तसाच ठेवून आलो.

४ फेब्रु., पुण्याहून परत
ताई आबाला वरवंडला घेऊन आली होती. तिथनं दौंड, दौंडहून सकाळच्या गाडीनं पुणं. आबा माझ्या दंडाला धरून. दंड धरतो तसा नाही, लोकर धरतो तसा, मुठीत शर्ट.
दवाखाना सगळा काचेचा. शिरतानाच सांगितलं, लेसर पाहिजे, दुसरं काही नको. डॉक्टर माझ्याच वयाचा. त्यानं लई वेळ डोळा बघितला, मग मला स्क्रीनवर दाखवला. वरनं पांढरा, आत तपकिरी, सुपारीसारखा.
म्हणाला, "लोक ज्याला लेसर म्हणतात ते बहुतेक वेळा लेसर नसतंच. बारीक सुई आत जाते, थरथरते, मोतीबिंदू फोडून ओढून घेते. खरं लेसरही आमच्याकडे आहे. ते छेद देतं, मऊ मोतीबिंदूचे आधी तुकडे करतं. पण इतक्या पिकलेल्यातून त्याचा उजेडच पलीकडे जात नाही."
"मग सुईनं फोडा."
"फोडता येईल. पण एवढं कडक फोडायला जोर फार लागतो, आत उष्णता होते. डोळ्याची पुढची काच कायमची धुरकट होऊ शकते. आणि यांना हा एकच डोळा उरलाय. थोडा मोठा छेद देऊन अख्खा काढलेला बरा. हातानं."
हातानं. मला ती वाकलेली प्लेट दिसली. दिसली ती दिसली, मी काय करू.
"मग तुम्ही काढा हातानं."
"मी मशीनवर शिकलो. हातानं रोज करणारे आता तालुक्याच्या गावातच सापडतात. पण थांबू नका, डोळ्यातला दाब वाढलाय. थेंब देतो. आठवड्याच्या आत करून घ्या." मग विचारलं, "उजव्याचं काय झालं?"
मी तोंड उघडलं. सगळं पाठ होतं. पण आबाच बोलला.
"ह्यो? ह्यो तर बेस झाला हुता. दसऱ्याला बिरोबाफुडं भंडारा उधळला, त्यातला गेला जरासा डोळ्यात. रातभर चुरचुरला."
"काळा चष्मा दिला असेल ना?"
"दिल्ता की. पर देवाम्होरं काळा चष्मा? काढून खिशात ठिवला."
"मग डोळा पुसलात कशानं?"
"घोंगडीनं."
डॉक्टरनं काहीतरी लिहिलं, मान वर न करता. आबा त्याला समजावत होता, "देवाचा भंडारा हाय सायेब, त्यानं काय व्हतंय."

येताना गाडीत विचारलं, "आबा, हे आधी का नाही सांगितलं?"
"तू कवा इचारलंस? फोन उचलला की बाईच्या नावानं सुरू."

५ फेब्रु., वरवंड
ताईला विचारलं, तुला माहीत होतं?
"समद्या गावाला म्हाईत. आबा मधी हुभा, भवतीनं ढोल, समदा पिवळा झाल्ता. त्यात काय सांगायचं? भंडाऱ्यानं डोळा जातो असं कोन म्हनंल?"
खरं आहे. आमच्यात कुणीच म्हणणार नाही. बाळ जन्मलं की भंडारा, मेंढरू आजारी पडलं की भंडारा.
पण मग बाईनं सांगायला पाहिजे होतं. ताईला सगळं पाठ आहे, धूळ नको, पाणी नको, चुलीचा धूर नको. भंडारा नको म्हणाली नाही. आमच्या भागात दवाखाना टाकायचा आन् एवढं माहीत नाही? एक शब्द कमी पडला, तो तिचा.
व्हिडिओ काढून टाकत नाही.

६ फेब्रु., शिरूर
इथं एक वयस्कर डॉक्टर हातानं करतात असं कळलं. आबाशी चांगले बोलले, कुठल्या वाडीचे, मेंढरं किती. मग उजवा डोळा बघितला आन् माझ्याकडं बघितलं.
"तुम्ही त्या व्हिडिओतले का?"
आबा म्हणाला, "कसला व्हिडिओ?"
"काही नाही आबा."
मला बाहेर घेतलं. "करू शकतो. करणार नाही. एकच डोळा, त्यात तुमचा मोबाईल. माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत या गावात."
मी हात जोडले. मी. त्यांनी माझा जोडलेला हात धरून खाली केला, रागानं नाही, आन् आत गेले.
आबा रिक्षात, "काय म्हनले?"
"बाहेरगावी चाललेत म्हणे."
"मग दौंडला चल की. तितं काय वाईट हाय?"

७ फेब्रु., गावी
घरात भांडण. आबा म्हणतो दौंड. मी म्हणतो, मेलो तरी नाही.
आबा बाजेवर बसून, माझ्याकडं नाही, मी जिथं आहे असं त्याला वाटतं तिकडं बघत बोलला. "त्या बाईचा हात हलका हाय. पट्टी सोडल्यापस्नं दसऱ्यापतूर मी समदं बघितलं. मेंढरांच्या कानाची खूण बांधावरनं दिसली. तुज्या आयचं त्वांड दिसलं. लई म्हातारी झालीया."
आई चुलीपुढनं, "आन् तुमी काय तरणंताठं?"
"म्हंजे ऑपरेशन चांगलं झालं होतं?" मी.
"तुला फोन केला हुता ताईनं. तू डूटीवर हुतास. मंग तू बी केला न्हाईस."
कपाळाला हात लावून बसला मग. ठणका परत सुरू. थेंबांनी भागत नाही आता.
मला दुसरीच भीती आहे, ती यांना सांगता येत नाही. मी तिचं नाव मातीत घातलं. आता तिच्याच सुरीखाली बाप झोपवायचा? तिनं हात जरासा, जरासाच, इकडचा तिकडं केला तर कुणाला कळणार? पिकलेला होता म्हणेल. सगळे मान हलवतील.
दुसरा कोण आहे, ते रात्री कितीदा मोजलं. कोणी नाही.

८ फेब्रु., दौंड
नेलं.
बाकावर आम्ही तिघंच, आबा, ताई, मी. डॉ.बाई पन्नाशीची, बुटकी, पायात कापडी चपला. मी मनात उंच धरली होती.
आबा आवाजावरनं ओळखून उठायला लागला. "रामराम म्याडम. दुसरा बी घ्या आता काढून."
"बसा आबा. मेंढरं कशी आहेत?"
"ती बरी हायती. मीच त्यांच्यातला झालोय, धरून न्यावं लागतं."
हसल्या दोघी. मी नाही.
तपासलं. उजवा पण बघितला, हळू, पापणी अशी उचलली की... ते जाऊ दे. मी परवा पुण्यात निघालेलं भंडाऱ्याचं सांगितलं. सांगताना वाटलं आता ती उड्या मारेल, म्हणेल बघा, माझी चूक नव्हती.
तिनं ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "पुण्यात त्यांनी विचारलं, इथं मी विचारलं नव्हतं. त्यानं झालं असेल. माझ्या हातून काही राहिलं असेल, तेही असू शकतं. खरं सांगायचं तर मला माहीत नाही."
हे मला आवडलं नाही. कबूल तरी कर, नाहीतर भांड तरी. हातात काही देतच नाही.
ताई आबाला घेऊन बाहेर गेली तशी बाई म्हणाली, "आवाज ओळखला मी. आत आलात तेव्हाच."
मी खिशात हात घातला.
"मी काढून टाकतो तो. आत्ता, तुमच्यासमोर." मोबाईल बाहेर काढला पण.
"आत्ता नको."
"का?"
"तुम्ही काढला म्हणून मी नीट करणार, नाही काढला तर नाही करणार, असं होतं ते. ठेवा खिशात. पट्टी सुटल्यावर जे दिसेल ते करा. उद्या सकाळी आणा. आंघोळ घालून, धुतलेले कपडे." दारापर्यंत आली आन् तिथनं, "आणि कपाळ कोरं ठेवा. बरं होईपर्यंत भंडारा घरात पण नको. तुमच्या देवाला माझं नाव सांगा, एवढी सूट मी मागितलीय म्हणून."
या वेळेला म्हणाली. तो शब्द.
मी अजून तिला माफ केलेलं नाही. ते वेगळं ठेवलंय.

९ फेब्रु., बाकावर
आबाला सकाळी मी घासून आंघोळ घातली. कपाळावरचा पिवळेपणा जात नव्हता, एवढ्या वर्षांचा, कातडीत मुरलेला. साबण लावून लावून काढला. कोरं कपाळ बघितलं आन् ओळखीचा माणूस वाटेना.
आत नेताना आबानं कमरेला लपवून आणलेली भंडाऱ्याची पिशवी सोडली, माझ्या हातात दिली. "खाली ठिवू नगंस."
नाही ठेवली. मांडीवर आहे. शिवण उसवलीय, बोटं पिवळी झाली. मोबाईलची काच पण पिवळी. व्हिडिओ उघडलाय, काढून टाकायच्या खुणेवर अंगठा आहे. तिनं सांगितलं आत्ता नको. आन् मला वाटतंय आत्ताच काढावा, तिनं भिंतीतनं बघावं. परत वाटतंय ठेवावा. काही वाईट झालं तर हाच लागेल.
ताई डोळे मिटून बसलीय. चहावाला समोरनं बघतोय. ओळखलं का त्यानं?
दार पातळ आहे, आतलं ऐकू येतं. आबा जागा आहे, डोळाच तेवढा बधिर करतात. बोलतोय. "म्याडम, माजा पोरगा बी मोठ्या मशीनवर हाय. लेसरवर. लोखंड कापतो, एवडुसा पोरगा."
"हो का. आबा, आता बोलायचं नाही. हलायचं नाही."
मग आवाज बंद झाला.
कधीचा बंद आहे. भांड्यात काही ठेवल्याचा आवाज येतो, परत नाही.
तिच्या हातात सुरी आहे आन् समोर माझा बाप, ज्यानं तिचं वाटोळं केलं त्याचा बाप. दार लागलेलं. कुणी बघत नाही. ती काय करेल ते मला माहीत नाही, मी तिला ओळखत नाही. मी मला ओळखतो. माझ्या हातात सुरी असती तर मी...